ब्रूपबमध्ये सॅम्पलर असा मागवा

पुण्यात कोरेगाव पार्क, मुंढव्याकडच्या ब्रूपबमध्ये (स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमध्ये) ग्रुपने गेलं की प्रत्येक जण अंदाजाने एकेक मोठा ग्लास मागवतो, आणि निम्म्यांना आपला आवडत नाही. पैसे मात्र पूर्ण.

त्यापेक्षा:

१. दोघा-तिघांत मिळून एकच सॅम्पलर ट्रे (वेगवेगळ्या बिअरचे छोटे ग्लास) घ्या. ट्रे नसेल तर वेटरला सरळ सांगा, "आधी थोडी चव द्या." बरेच ठिकाणी घोटभर देतात.

२. क्रम महत्त्वाचा. आधी हलकी व्हीट (गव्हाची) बिअर किंवा लागर, मग तांबूस अंबर एल, त्यानंतर काळी स्टाउट आणि कडू आयपीए (इंडिया पेल एल) अगदी शेवटी. आयपीएचा कडूपणा जिभेवर असा बसतो की त्यानंतरची व्हीट बिअर पाण्यासारखी लागते. (ट्रेमध्ये ग्लास रंगानुसार मांडून आणतात, त्यावर जाऊ नका.) स्टाउट ट्रे आल्याआल्या पिऊ नका, तिचा गारवा थोडा उतरू द्या. गार असताना तिचा कॉफीसारखा वास दबतो.

३. मध्ये पाण्याचा घोट आणि साधे खारे दाणे. चिली चिकन, शेजवान वगैरे चव घेऊन झाल्यावरच मागवा.

४. टिश्यूवर नंबर टाकून आवडलेल्यावर खूण करा. मोठा ग्लास त्याचाच.

एक सांभाळा: ग्लास छोटे दिसतात, पण १०० मिलीचे सहा म्हणजे ६०० मिली, जवळपास एक मोठी बाटली. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे. जाताना-येताना रिक्षा किंवा कॅबच करा.