वेलींची फाटे कलमे आणि त्यांची हिवाळ्यातील निगा

हिवाळ्यात लावलेल्या फाटे कलमाला, म्हणजे मुळ्या धरण्यासाठी पुरलेल्या वेलीच्या काडीच्या तुकड्याला, पालवी फुटली म्हणजे ते लागले, असे समजण्याची चूक अनुभवी रोपवाटिकाधारकांकडूनही होते. काडीत साठलेल्या अन्नाच्या बळावर डोळा फुटतो, दोन-चार पानेही येतात. परंतु खाली मुळी धरली नसेल तर तो साठा संपताच पाने माना टाकतात आणि कलम वाळून जाते. त्यामुळे या हंगामात काडीचा बुडखा उबदार आणि शेंडा गार राहील, अशा बेतानेच सर्व कामे करावीत.

द्राक्षासारख्या पानगळ होणाऱ्या वेलींची काडी पाने गळून गेल्यानंतर, पण डोळे फुगू लागण्यापूर्वी काढावी. मागील हंगामात वाढलेली, पेन्सिलीच्या जाडीची, रोगमुक्त वेलावरची काडी निवडावी. पक्वतेविषयी शंका असल्यास एक काडी आडवी कापून पाहावी: लाकूड भरीव व हिरवट आणि मधला भेंडाचा भाग लहान व तपकिरी दिसला तर ती पक्व आहे, भेंड मोठे, पांढुरके आणि काडी चपटी असेल तर ती बाजूला टाकावी. कलम २० ते २५ सेंटिमीटर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे असावे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा काप डोळ्याच्या सुमारे २ सेंटिमीटर वर तिरका घ्यावा. तिरक्या कापावर पाणी साचत नाही आणि वरची बाजू कोणती हेही ओळखता येते. हे सांगणे बाळबोध वाटेल, पण शेकडो काड्या हाताळताना काही उलट्या लागतातच, आणि उलटी लागलेली काडी सहसा जगत नाही.

मुळ्या लवकर येण्यासाठी आयबीए (इंडोल ब्युटिरिक ॲसिड) हे संजीवक २००० पीपीएम (दशलक्ष भागांत २००० भाग) तीव्रतेने वापरता येते. २०० मिलिग्रॅम आयबीए ५० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून त्यात पाणी घालावे आणि एकूण द्रावण १०० मिलिलिटर करावे. आयबीए थेट पाण्यात नीट विरघळत नाही. बुडख्याचा १ ते २ सेंटिमीटर भाग या द्रावणात ५ ते १० सेकंद बुडवून लगेच लावणी करावी. जास्त वेळ बुडवल्याने फायदा होत नाही, उलट साल काळी पडू शकते. लावणी लांबणार असेल तर काड्यांच्या जुड्या ओलसर, पण पाणी न निथळणाऱ्या भुश्यात गुंडाळून १ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात.

जाड रेती व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात मिसळून पिशव्या भराव्यात आणि एकच डोळा वर राहील इतकी काडी पुरावी. माध्यमाचे तापमान २१ ते २५ अंश राहिल्यास बुडख्याच्या कापावर पांढुरक्या, खडबडीत पेशींची कडा तयार होते आणि काही आठवड्यांत मुळ्या सुटतात. मुळी धरली का हे पाहण्यासाठी काडी उपटू नये; ती बोटाच्या चिमटीत धरून हलकेच वर ओढावी, अडल्यासारखी वाटली तर मुळी आहे. पाणी सकाळी उशिरा आणि बेताने द्यावे, कारण गार व चिंब माध्यमात बुडखा कुजतो. मिरी, पानवेल यांसारख्या सदाहरित वेलींना मात्र ऊब व दमटपणा लागतो. त्यांची कलमे ऐन थंडीत करू नयेत.

निरभ्र आकाश आणि पडलेला वारा अशा रात्री दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, धोका सर्वाधिक असतो. अशा वेळी रोपांवर काठ्यांच्या आधाराने गोणपाट किंवा जाड कापड ताणावे आणि ऊन चढल्यावर ते काढावे. प्लॅस्टिक वापरायचे झाल्यास ते पानांना टेकू देऊ नये. टेकलेल्या जागीच पाने करपतात. पिशवीतील मुळ्यांना जमिनीचे संरक्षण नसते, म्हणून पिशव्या एकमेकींना खेटून जमिनीत खोलगट वाफ्यात मांडाव्यात आणि कडेने पाचट भरावे.

मांडवावर चढलेल्या वेलींना थंडीच्या तोंडावर नत्र देऊ नये, कारण त्याने येणारी लुसलुशीत फूट सर्वात आधी मरते. जेथे जमीन गोठते तेथे छाटणीनंतर वेल ताटीवरून उतरवून आडवा करतात आणि खोडासह मातीच्या २० ते ३० सेंटिमीटर थराखाली झाकतात. थंडीने काळवंडलेल्या फांद्या तातडीने छाटण्याची घाई करू नये. हवा उबदार होऊन नवी फूट दिसली की नखाने साल खरवडून पाहावी आणि जेथे आत हिरवा रंग दिसेल तेथपर्यंतच छाटावे.