घरच्या सिंगल फेजवर थ्री फेजची लेथ मशीन कशी चालवायची

जुन्या बाजारात चांगली दणकट लेथ स्वस्तात मिळते, घरी आणल्यावर कळतं की मोटर 415 व्होल्ट थ्री फेजची आणि आपल्या मीटरवर 230 व्होल्ट सिंगल फेज. मग सल्ले सुरू होतात. पहिला सल्ला, कंडेन्सर टाक, शेतावर पंप चालतात की. पंपाचा लोड दिवसभर जवळपास सारखा असतो म्हणून तिथे कंडेन्सर जुळवून काम भागवतात, तरी मोटरी जळतातच. लेथवर कट घेतला की लोड वाढतो, टूल मागे घेतलं की उतरतो, तिन्ही फेज कधी बॅलन्स होतच नाहीत, मोटर तापते, ताकद कमी पडते. दुसरा सल्ला, मोटर फेकून सिंगल फेजची बसव. चालते, पण स्पीड बदलता येत नाही आणि चांगली मोटर भंगारात जाते. माझं मत ठाम आहे, 3 एचपीपर्यंत व्हीएफडी म्हणजे सिंगल फेजमधून थ्री फेज बनवणारा आणि स्पीड बदलू देणारा ड्राइव्ह लावा आणि मोटर डेल्टात, म्हणजे तिन्ही कॉइल टोकाला टोक लावून त्रिकोणात, जोडा. 5 एचपी आणि वरच्या मोटरी बहुतेक 415 व्होल्टलाच डेल्टात असतात, त्यांना ही पद्धत लागू नाही.

आधी बिलावरचा मंजूर भार बघा. स्वतःच्या हौसेपुरतं काम असेल तर ठीक, पण घरगुती मीटरवर धंदा चालवला तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली आकारणी होते, ते नको असेल तर सरळ धंद्यासाठीचं थ्री फेज कनेक्शन घ्या.

ड्राइव्ह सिंगल फेज 230 इनपुट, थ्री फेज 230 आउटपुटचा घ्यायचा, मोटरच्या रेटिंगचा किंवा एक साइज मोठा. 2 एचपीचा ड्राइव्ह फुल लोडला इनपुटला 14-15 अँपियर ओढू शकतो, म्हणून बोर्डापासून वेगळी लाइन, वेगळी एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. किचनच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन ओढू नका.

आता खरा मुद्दा, आणि इथेच बहुतेक लोक अडकतात, मलाही सुरुवातीला इथेच सगळ्यात जास्त डोकं लावावं लागलं. ड्राइव्ह 230 च्या वर व्होल्टेज देत नाही. तुमची मोटर 415 ला स्टारमध्ये बांधलेली आहे, म्हणजे तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकाच ठिकाणी, स्टार पॉइंटला, जोडलेलं आहे. तशीच जोडली तर फिरते, लोकांना वाटतं झालं काम, पण टॉर्क एक तृतीयांशावर येतो आणि जरा खोल कट घेतला की मशीन बसते. स्टारमध्ये प्रत्येक कॉइलला 240 व्होल्टच मिळत असतात, म्हणजे त्याच कॉइल डेल्टात जोडल्या तर 230 वर मोटर जवळपास पूर्ण ताकद देते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी असतील तर पाच मिनिटांचं काम, पट्ट्या काढायच्या आणि U1-W2, V1-U2, W1-V2 अशा तीन जोड्या करायच्या. पण आपल्याकडच्या लहान मोटरींत बऱ्याचदा तीनच वायरी बाहेर असतात आणि स्टार पॉइंट आत वायंडिंगमध्ये बांधलेला असतो. वायंडर सांगेल रिवाइंड करून देतो. वायंडिंग चांगलं असेल तर अजिबात करू नका, स्टार पॉइंट बाहेर काढा.

कव्हर आणि बॉडीवर पंचने खुणा करून मोटर खोला, रोटर काढा. ज्या बाजूने वायरी बाहेर येतात तिकडच्या ओव्हरहँगवर, म्हणजे कॉइलच्या बाहेर आलेल्या भागावर, दोरा आणि व्हार्निशखाली स्लीव्ह घातलेले जोड दिसतील. तीन जोड बाहेरच्या वायरींचे, चौथा जोड जिथून काहीच बाहेर जात नाही तो स्टार पॉइंट. हॉट एअर गनने व्हार्निश हलकं गरम करा आणि ब्लेडने फक्त दोराच कापा, कॉइलच्या तारेवरचं इनॅमल खरचटलं तर पुढे शॉर्ट ठरलेला. घाईघाईत पक्कडने ओढणाऱ्यांच्या मोटरी मग खरंच रिवाइंडला जातात. जोडात तीनपेक्षा जास्त तारा निघाल्या तर घाबरू नका, सुट्या करून मल्टिमीटर लावा, ज्या एकमेकींशी कंटिन्युइटी दाखवतात त्या एकाच फेजच्या, त्या एकत्र ठेवा. प्रत्येक गटाला उष्णता सहन करणारी 1.5 स्क्वेअर एमएमची वायर सोल्डर करा, फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा, दोऱ्याने घट्ट बांधा, एअर ड्राय व्हार्निश मारून रात्रभर वाळू द्या. रोटरला काही घासत नाही ना हे हाताने फिरवून बघा.

आता तीन जुन्या वायरी, तीन नव्या. कुठली नवी कुठल्या जुनीची ते मल्टिमीटरने शोधून लगेच टेप लावून नाव लिहा, तिन्ही जोड्यांचे ओहम सारखेच यायला हवेत. जुन्या वायरी U1, V1, W1, त्यांच्या जोडीच्या नव्या U2, V2, W2. प्रत्येक जोडीत एक जुनी आणि एक नवी वायर घ्यायची, आणि एकाच कॉइलची दोन टोकं एकत्र जोडायची नाहीत, एवढं पाळलं की झालं. मग 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, वायंडिंग आणि बॉडीमध्ये लावा, पण ड्राइव्ह जोडायच्या आधी, नाहीतर ड्राइव्ह जातो.

जोडणी सोपी आहे, फक्त ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कुठलाही स्विच किंवा कॉन्टॅक्टर ठेवू नका. लेथचा फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. कूलंट पंप आणि जुना कंट्रोल ट्रान्सफॉर्मर या ड्राइव्हवर चालणार नाहीत. बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो, कव्हर काढायच्या आधी दहा मिनिटं थांबा.

सेटिंगमध्ये मोटर व्होल्टेज 230, फ्रिक्वेन्सी 50, आणि करंट नेमप्लेटवरच्या स्टारच्या आकड्याला 1.73 ने गुणून, म्हणजे 3.4 असेल तर 5.9. हा आकडा जुनाच ठेवला तर ड्राइव्ह उगाच ट्रिप होत राहतो. 25 हर्ट्झच्या खाली जास्त वेळ चालवू नका, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, हवा पुरत नाही. थांबायची वेळ आधी 5 सेकंद ठेवा, जड चकमुळे ओव्हरव्होल्टेज आला तर वाढवा. आणि चक आट्यांवर बसणारा असेल तर झटक्यात ब्रेक किंवा रिव्हर्स देऊच नका, तो फिरता फिरता सुटून बाहेर येतो.