मेच्या उन्हात खडकाची सावली

गेली अकरा वर्षं मी प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांसाठी आवारं आखते. आमच्या कामात सगळे त्याला एन्क्लोजरच म्हणतात. वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतच्या मराठी घरांतून मला मुलामुलींचे फोन येतात, "ताई, आम्हाला प्राण्यांची आवड आहे, डिझाइनही जमतं, यात शिरायचं कसं?" फोनवर सांगायचं नेहमी अर्धवट राहतं, म्हणून लिहिते आहे.

आधी माझी एक चूक सांगते. दुसऱ्या एका शहरात अस्वलासाठी खडकाळ टेकडी उभारायची होती. थंड देशांतल्या आवारांचे फोटो समोर ठेवून मी खडक आखले. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, वर सिमेंटचा थर, मग हाताने कोरलेल्या भेगा आणि रंग. खडक इतके खरे वाटायचे की लोक हात लावून बघायचे. मे लागला आणि अस्वल दिवसभर मागच्या नाइट शेल्टरच्या, म्हणजे रात्रीच्या खोलीच्या, दाराला टेकून बसू लागलं. मी दुपारी बारा वाजता आत जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं. हे शहरही वडोदऱ्यासारखंच कर्कवृत्ताच्या खाली आहे. मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि उभ्या खडकाची सावली त्याच्या पायाशीच संपते. जर्मनीत हॅम्बुर्गकडे सूर्य भर उन्हाळ्यातही तिरपा असतो, तिथे तोच खडक चांगली ऐसपैस सावली देतो. माझ्या टेकडीवर पाय ठेवायला गार जागा अशी नव्हतीच. पुढच्या हिवाळ्यात आम्ही खडकाला पुढे झुकणारं छत काढलं, खाली ओल्या मातीचा खड्डा केला, उकरायला कुजके ओंडके टाकले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अस्वल त्या छताखाली, लोकांच्या अगदी समोर, पाय पसरून झोपलेलं मी पाहिलं. तेव्हापासून कुठलंही आवार आखताना मी पहिल्यांदा मे महिन्यातली दुपारची सावली काढते.

या कामाचा इतिहास थोडा माहीत असावा. प्राण्यांचा जर्मन व्यापारी कार्ल हागेनबेक याने १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गज काढून खंदक आणले, प्राणी किती लांब उडी मारतात ते तपासून खंदकांची रुंदी ठरवली. १९५९ मध्ये उघडलेल्या दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आराखड्यातही त्याच घराण्याचा हात होता. पण हागेनबेकने खंदकांमागे उभारलेल्या नकली डोंगरांचं सुख मुख्यतः बघणाऱ्याच्या डोळ्यांना होतं, असं माझं मत आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सिएटलमध्ये गोरिलांचं आवार झालं, तिथे वाट बदलली. प्राण्याला जी झाडी, तीच बघणाऱ्याच्या पायवाटेवरही. माणूस त्या रानात पाहुणा म्हणून शिरतो. याला लँडस्केप इमर्शन म्हणतात आणि आजच्या बहुतेक थीम त्यातूनच निघाल्या आहेत.

थीम हा शब्द मात्र जपून वापरा. 'आफ्रिका' म्हणून तिकीट खिडकीवर गवताचं छप्पर आणि भिंतीवर मुखवटे लावले की काम झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. गीरचं उदाहरण घ्या. तिथलं सागाचं रान वर्षातले कितीतरी महिने सुकं, पिवळट असतं, आणि सिंहाचा रंग त्या गवतात विरून जातो. तुम्ही मात्र गीर म्हणून हिरवंगार लॉन अंथरलंत तर सिंह दुरूनही दिसेल, गीर कुठेच दिसणार नाही. असं लॉन मागणारे अधिकारी प्रत्येक प्रकल्पात असतात. त्यांच्याशी न चिडता, रानाचे फोटो दाखवत बोलायची सवय करा.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचं आर्किटेक्चर, पुढे लँडस्केप, हा एक रस्ता. आपल्याजवळ त्यासाठी अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आहे. प्राणिशास्त्र किंवा पशुवैद्यकीतून येणारेही असतात, वन्यजीवशास्त्रासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम वाचूनच मुलाखतीला जा. वाघाच्या जोडीला बाहेरची जागा किमान १,००० चौरस मीटर हवी, हे ज्याला ठाऊक असतं त्याच्याशी पुढचं बोलणं होतं. पहिली दोन वर्षं तुम्ही बहुधा गटारांचे उतार आणि सरकत्या दारांचे तपशीलच काढाल. मन लावून काढा. दार अडकलं तर कीपरच्या, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणाऱ्या माणसाच्या, जिवाशी गाठ असते.

आणि कीपर. आराखडा काढण्याआधी त्यांच्यासोबत निदान आठवडाभर राहा, सकाळी पिंजरे धुण्याच्या वेळेपासून. आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद असतं, तो दिवस सोडू नका, कारण गर्दी नसताना प्राणी कसा वागतो ते तेव्हाच कळतं. एका कीपरकाकांनी माझ्या नकाशावर बोट ठेवून विचारलं होतं, "ताई, दार उघडल्यावर या कोपऱ्यात बिबट्या बसलाय की नाही, हे मला कुठून दिसायचं?" इतका साधा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. प्राण्याला लपायला जागा हवी, ती लोकांच्या नजरेपासून हवी, आणि तरी आत शिरण्याआधी कीपरला सगळं आवार दिसलं पाहिजे. हे तिन्ही एकत्र जुळवण्यात माझे महिने जातात. "वाघ दिसतच नाही" अशी तक्रार येणारच. त्यावर काच पुढे सरकवू नका, काचेजवळ गार ओटा आणि वाहतं पाणी द्या. त्याला आवडलं तर तो आपणहून येऊन बसेल.

लहानपणी आजोबा मला कमाटीबागेत न्यायचे. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये केलेली ही बाग, बाजूने वाहणारी विश्वामित्री, आणि नदीत कुणी न पाळलेल्या मगरी. शहराच्या मधोमध एवढी मोठी शाळा आपल्याला फुकट मिळाली आहे. थंडीत मगर ऊन खायला मातीच्या सौम्य उतारावर येते, काठात बिळं खणते, उन्हाळ्याच्या तोंडावर उंचवट्यावर खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लं नर होणार की मादी हे त्या खड्ड्याच्या उष्णतेवर ठरतं. उभ्या भिंतींच्या सिमेंटच्या टाकीत यातलं काय होणार?

जानेवारीत, ऊन वर आलं की नदीवरच्या पुलावर वही घेऊन उभे राहा. काठावर अजिबात उतरू नका. मगर कुठून वर येते, किती चढावर थांबते, जबडा कधी उघडते, ऊन तापल्यावर किती वेळाने पाण्यात परतते, दर पाच मिनिटांनी लिहा. अशी दहा पानं भरली की मला फोन करा. पहिला उतार आपण त्या पानांवरूनच आखू.