गरोदरपणातले विषाणू आणि बाळाचा मेंदू: घरात काय सांभाळायचं

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, बंद होते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून तयारी आधीच हवी: रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि रुबेलाची (जर्मन गोवराची) लस. लस जिवंत विषाणूची असल्याने घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळा. गरोदरपणात ती देत नाहीत. पहिल्या १२ आठवड्यांत रुबेला झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय आणि मेंदू, सगळ्यांनाच धोका.

सायटोमेगॅलोव्हायरसचं नाव फार कोणी घेत नाही, पण बाळाची श्रवणशक्ती जाण्याचं ते मोठं कारण आहे. तो लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून पसरतो. थोरल्याने अर्धं खाल्लेलं केळं आईनेच संपवायचं, ही सवय नऊ महिने सोडा. लंगोट बदलल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवा.

झिका विषाणू बाळाच्या मेंदूच्या मूळ पेशींनाच गाठतो; त्या मरतात आणि डोकं लहान राहतं. तो पसरवणारा एडिस डास साठवलेल्या पाण्यात वाढतो. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा म्हणणं व्यर्थ! आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा आणि कडा ब्रशने घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही: अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. रांजण, हौदही तसेच.

ताप १०१ फॅरनहाइटवर गेला किंवा अंगावर पुरळ आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. कांजिण्यांच्या रुग्णाजवळ गेला असाल आणि पूर्वी त्या झालेल्या नसतील, तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) १० दिवसांच्या आत लागतं.