सल्ले बाजूला ठेवून आधी किराण्याची यादी वाचावी

सकाळी भ्रमणध्वनीवर संदेश येतो की गव्हाने पोट बिघडते, दुपारी दुसरा सांगतो की भात सोडल्याशिवाय रक्तातली साखर आटोक्यात येणार नाही, आणि संध्याकाळी पारावर एक जण करडईच्या तेलाचे गुण सांगत असताना शेजारी बसलेला तूपच कसे खरे, हे तितक्याच ठामपणे पटवून देत असतो. यातला प्रत्येक सल्ला ऐकायचा ठरवला, तर ताटात फक्त पाणी उरेल. या गोंधळातून वाट काढण्यासाठी आहारशास्त्र शिकावे लागत नाही. महिन्याच्या किराण्याची यादी, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि आठवडी बाजाराची पिशवी यांवरून आपले नेमके कुठे चुकते आहे, हे बरेचसे कळते.

आधी वाद नेमका कशाचा आहे ते पाहावे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यात घराघरांत दोन तट पडले होते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगत होते, तर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खावे असे सांगत होत्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक यावरून हमरीतुमरीवर येत. मात्र हा वाद किती वेळा खावे याचा होता. बिस्किटांचा पुडा आणि बाटलीतले गोड पेय यांना दोघांच्याही सल्ल्यात जागा नव्हती, आणि घरचे साधे जेवण दोघांनाही मान्य होते. म्हणून दोन सल्ले एकमेकांना छेद देऊ लागले, की दोघांत समान असलेल्या गोष्टी कागदावर उतरवाव्यात आणि सुरुवात तिथून करावी. उरलेल्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

पुढचे काम हिशेबाचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत सुमारे 2000 किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मिलिलिटर दूध, 35 ग्रॅम दाणे व तेलबिया आणि 27 ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिले आहे. शेतात दिवसभर राबणाऱ्याला यापेक्षा जास्त लागेल आणि लहान मुलाला कमी, परंतु अंदाजासाठी हे आकडे पुरेसे आहेत. त्यांना घरातल्या माणसांनी आणि 30 दिवसांनी गुणावे. चौघांच्या घरात महिन्याला साधारण 10 किलो डाळी-कडधान्ये आणि साडेतीन लिटर तेल असा हिशेब निघतो. साखर माणशी दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवायची, तर तीन किलो ही वरची मर्यादा होते. जागतिक आरोग्य संघटना मिठासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी असे सांगते, म्हणजे मिठाची एक किलोची पिशवी चौघांना किमान 50 दिवस पुरायला हवी, आणि लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ त्यात धरलेलेच नाही.

आम्ही आमच्या घरी हा हिशेब मांडला, तेव्हा यादीत साखर पाच किलो होती, तेल पाच लिटर होते आणि तूर, मूग, हरभरा, मटकी सगळे मिळून जेमतेम चार किलो भरत होते. तुरीच्या मुलखात राहून ही गत! आमचा समज असा होता की आम्ही रोज वरण खातो, म्हणजे डाळ भरपूर खातो. प्रत्यक्षात वाटीभर डाळीत तांब्याने पाणी पडत होते आणि वाढताना पळी वरच्यावर फिरत होती, त्यामुळे डाळ पातेल्याच्या तळाशी राही आणि भाकरी भिजत असे ती फोडणीच्या पाण्यात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि तो डाळींत भरपूर असतो, म्हणून भाकरीसोबत डाळ असण्याला अर्थ आहे. परंतु ती डाळ असावी, डाळीचे पाणी नव्हे. आता वरण घट्ट असते, आठवड्यातून दोनदा पिठले होते आणि हुलग्याची किंवा मटकीची उसळ ठरलेली असते. पिठल्याला गरिबाचे जेवण म्हणून नाक मुरडणारे पाहुणे प्रथिनांच्या डब्यासाठी हजार रुपये मोजतात, तेव्हा मला हसू आवरत नाही.

ज्वारी की गहू या वादात फार वेळ घालवू नये. ज्वारीत ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन नसते आणि तंतू चांगले असतात. शिवाय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून आलेल्या ‘परभणी शक्ती’सारख्या वाणात लोह आणि जस्तही वाढवलेले आहे. तरीही भाकरी चांगली म्हणून ती कितीही खावी, असे होत नाही. एकदा भाकरीचा गोळा थापण्यापूर्वी त्याचे कोरडे पीठ काट्यावर तोलून पाहावे. आमच्याकडे ते 90 ग्रॅम भरले. तीन भाकरींत 270 ग्रॅम झाले, आणि भात अजून वाढलेलाच नव्हता. वजन वाढते ते कोणत्या धान्याने, हा प्रश्न त्यानंतर घरात कोणी विचारला नाही. ज्वारी थोडी थोडी दळून आणावी, कारण पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी तुटू लागते, आणि मग कंटाळून मैद्याच्या पावाकडे हात जातो.

एखादा पदार्थ सोडण्याचा सल्ला मिळाला, की त्याच्या जागी काय येणार हे आधी ठरवावे. एका हिवाळ्यात आम्ही रात्रीची भाकरी बंद केली होती. पंधरा दिवसांनी डबे आवरताना लक्षात आले की शेव आणि चिवडा दुपटीने संपला आहे. रात्री नऊनंतर एकेक जण स्वयंपाकघरात येऊन मूठभर काहीतरी तोंडात टाकत होता आणि त्याला कोणीच जेवण म्हणत नव्हते. भाकरीच्या जागी उसळ आणि भाजी वाढवली असती तर त्या प्रयोगाला काही अर्थ होता. नुसती भाकरी काढून आम्ही तेल आणि मीठ घरात घेतले.

भाजीचा हिशेब सर्वांत अवघड आहे, विशेषतः आपल्याकडे. चौघांना दिवसाला 1600 ग्रॅम म्हणजे आठवड्याला 11 किलोंवर भाजी लागते, आणि बाजारातून येणारी पिशवी बहुधा याच्या निम्मीही नसते. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत ही तूट भरून काढता येते. तांदुळजा, अंबाडी, चुका, शेपू, घोळ, कोवळ्या करडईची भाजी, हरभऱ्याचे शेंडे यांच्या जुड्या फुलकोबीपेक्षा स्वस्त पडतात. पाथरी तर बांधावरून खुडून, धुऊन भाकरीबरोबर कच्चीच खाल्ली जाते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे शेतात जी भज्जी शिजते, तिच्यात शेंगा, दाणे आणि भाज्या एकाच पातेल्यात येतात. वर्षातून एकदाच ती करावी असा काही नेम नाही. तेल बेताचे ठेवून ती हिवाळाभर करता येते. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की भाजी महागते आणि सुकते, तेव्हा शेवग्याच्या शेंगा, वाळूक, कांदा, मोडाची मटकी आणि हिवाळ्यात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी यांवर भागवावे. चिया आणि क्विनोआ यांचा शोध घेण्याआधी जवस, कारळे आणि तीळ यांच्या चटण्यांचे डबे भरलेले आहेत की नाहीत, हे पाहावे.

लोहासाठी पालेभाजी खाल्ली आणि लगेच कपभर चहा घेतला, तर चहातली टॅनिन ते लोह नीट अंगी लागू देत नाहीत. त्याउलट भाजीवर लिंबू पिळले तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. चहात दोन लहान चमचे साखर म्हणजे जवळपास 10 ग्रॅम, आणि पाहुणचार धरून दिवसाचे चार कप झाले तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. साखरेऐवजी गूळ घातल्याने हिशेब बदलत नाही, कारण गूळही बहुतांशी साखरच आहे.

पुड्यातल्या पदार्थांचा दर्शनी भाग न वाचता मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे ‘मिलेट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बिस्किटात पहिला घटक मैदा आणि दुसरा साखर निघाली, तर पुडा परत ठेवावा. उपवासाचेही असेच आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. भगर आणि दाण्याची आमटी त्यापेक्षा बरी. भगर मात्र स्वच्छ, ताजी आणून, धुऊन वापरावी. सुटे, जुने भगरीचे पीठ आणू नये, कारण त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यांतून येत असतात.

हे सारे निरोगी माणसांच्या घरासाठी आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत, मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने डाळी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि गरोदर बाईवर कोणाच्याही आहारपद्धतीचा प्रयोग करू नये.

बदल एका महिन्यात एकच करावा आणि तो यादीतच करावा, कारण पाच किलो साखर घरात आणून ती कमी खाण्याचा निश्चय दहा दिवसांपलीकडे टिकत नाही. आम्ही पहिल्या महिन्यात साखर एक किलोने कमी लिहिली, दुसऱ्या महिन्यात डाळी-कडधान्ये चारची सहा किलो केली आणि तिसऱ्यात तेल पाचाचे चार लिटर केले. तेलाला घरात सर्वांत जास्त विरोध झाला, विशेषतः वांग्याच्या भाजीवर तर्री दिसेनाशी झाली त्या दिवशी. तो महिना संपला तेव्हा डब्यात चार बोटे तेल शिल्लक होते.