ग्रुपवर तक्रार आली की ॲडमिन हमखास करतात त्या चुका (या टाळा)

व्हॉट्सॲप असो, टेलिग्राम असो की रेडिट-डिस्कॉर्ड, मूळ तक्रार बहुतेक वेळा किरकोळ असते, काट्याचा नायटा होतो तो ॲडमिनच्या उत्तरामुळे, असं माझं तरी स्पष्ट मत आहे.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे डिलीट. कोणीतरी लिहितं की ॲडमिनच्या ओळखीतल्यांची जाहिरात चालते आणि माझी लिंक मात्र उडवतात, आणि पाच मिनिटांत तो मेसेज गायब. पण तोवर स्क्रीनशॉट निघालेला असतो, त्यात व्हॉट्सॲपवर ॲडमिनने डिलीट केल्याची खूण सगळ्यांना दिसते, म्हणजे ज्यांनी तो मेसेज वाचलाही नसता तेही विचारत सुटतात की होतं काय त्यात. २००७ मध्ये डिग या लिंक शेअर करायच्या साइटने कायदेशीर नोटिशीच्या धाकाने एचडी डीव्हीडीचं कॉपी-संरक्षण तोडायला लागणारा एक कोड असलेल्या पोस्ट काढल्या तर मेंबर्स इतके भडकले की सगळीकडे तोच कोड टाकत सुटले, शेवटी संस्थापक केविन रोझला जाहीर करावं लागलं की आता काढणार नाही.

मग काहीच काढायचं नाही का? काढायचं ना. धमकी, शिवीगाळ, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता, हे लगेच उडवा आणि का उडवलं ते एका ओळीत सांगा. शिव्यांमध्ये खरा मुद्दा अडकला असेल तर मेसेज काढून तो मुद्दा तुम्ही स्वतः साध्या शब्दांत परत टाका, की अमुक गोष्टीबद्दल तक्रार आली आहे, भाषेमुळे मेसेज काढलाय पण प्रश्न बरोबर आहे. हे केलं की बोंब मारायला जागाच उरत नाही.

दुसरं, तक्रार तुमच्याबद्दल आणि निकालही तुम्हीच देणार, हे चालत नाही. इंग्रजी विकिपीडियावर ॲडमिनसाठी नियमच आहे की ज्या वादात आपण स्वतः अडकलोय तिथे सहसा ॲडमिनचे अधिकार वापरायचे नाहीत, दुसऱ्याला बघू द्यायचं. तुमच्याकडे दुसरा ॲडमिनच नसेल तर शांततेच्या काळात नेमून ठेवा, आणि शक्यतो असा नेमा जो तुमच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवत नाही (मित्राला नेमून काय उपयोग, तो तुमचीच री ओढणार).

'पर्सनलवर बोलू' हे पण जपून वापरा. तक्रार नियमाबद्दल असेल आणि सगळ्यांसमोर आली असेल तर उत्तरही सगळ्यांसमोरच द्या, नाहीतर बाकीच्यांना वाटतं दाबलं. उलट एखादा मेंबर इनबॉक्समध्ये येऊन घाण मेसेज करतो अशी तक्रार असेल तर ती चव्हाट्यावर आणायची नाही, तक्रार करणारीचं नाव समोरच्याला कळू द्यायचं नाही, आणि 'पुरावा ग्रुपवर टाका' असं तर चुकूनही म्हणायचं नाही. स्क्रीनशॉट खाजगीत मागवा, दोघा ॲडमिननी बघा, निर्णय घ्या.

'बघतो' हे उत्तर तर मला सगळ्यात घातक वाटतं, कारण त्याने आज शांतता मिळते आणि ॲडमिनला वाटतं प्रश्न संपला. २०१५ च्या जुलैमध्ये रेडिटवर मॉडरेटर लोकांनी (म्हणजे तिथले ग्रुप सांभाळणाऱ्या मेंबर्सनी) मोठमोठे सबरेडिट, म्हणजे तिथले विषयवार ग्रुप, बंद करून टाकले, निमित्त एका लोकप्रिय कर्मचारी बाईंना काढल्याचं होतं, पण खरा राग चांगली टूल्स देऊ म्हणून वर्षानुवर्षं न पाळलेल्या शब्दाचा होता. तेव्हाच्या सीईओ एलेन पाओ यांनी जाहीर माफी मागून तसं कबूलही केलं, आणि काही दिवसांतच त्या पदावरून गेल्या. म्हणून तारीख द्या. रविवारपर्यंत सांगतो म्हणालात तर रविवारी सांगा, उत्तर 'नाही' असलं तरी कारणासकट सांगा, नाही ऐकून माणसं एवढी चिडत नाहीत.

'पटत नसेल तर ग्रुप सोडा' हे तर बोलूच नका, कारण सोडायचं असतं तो तक्रार टाइप करत बसत नाही, म्यूट करतो आणि गप्प होतो.

भांडण आधीच पेटलं असेल तर ग्रुप लॉक करायच्या आधी स्लो मोड लावून बघा, टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड दोन्हीकडे आहे, एकाला सलग मेसेजचा मारा करता येत नाही. रागात कोणाला काढलं असेल तर दुसऱ्या ॲडमिनला फेरविचार करायला सांगा.

आता राहिला तो रोज तेच दळण दळणारा मेंबर. त्याच्या मुद्द्याला एकदा नीट सविस्तर उत्तर द्या, ते पिन करा, पुढच्या वेळी फक्त त्याकडे बोट दाखवा, आणि त्यानंतरही चालूच राहिला तर उत्तर नाही दिलं तरी चालतं.