रेडरला "नको" ऐवजी काय करायचं ते सांगा

कबड्डीच्या मैदानाबाहेरून कोच लोक जे ओरडतात त्यात अर्ध्याहून जास्त "नको"च असतं, घाई करू नको, दम तोडू नको, मध्ये घुसू नको, आणि पोरगं बिचारं 30 सेकंदाच्या रेडमध्ये (चढाईत) नेमकं तेच करून बसतं. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगात लोकांना सांगितलेलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, तर डोक्यात अस्वलच येत राहिलं!

म्हणून कृती सांगा. "दम तोडू नको" ऐवजी "मोठ्याने, एका लयीत कबड्डी-कबड्डी बोल". "नुसता परत येऊ नको" ऐवजी "आधी निदान रेषा क्रॉस कर" (निदान रेषा म्हणजे समोरच्या बाजूची बॉक लाईन, रेडरने ओलांडायलाच हवी ती). कॉर्नरच्या, म्हणजे कडेला उभं राहून बचाव करणाऱ्या पोराला "पुढे येऊ नको" म्हटलं तर तो उभं कुठे राहायचं याच विचारात अडकतो, त्यापेक्षा "मागे थांब, रेडर वळला की घोटा धर" सांगा, लगेच कळतं.

मॅच चालू असताना दोन-तीन शब्दच, बाकी सगळं प्रॅक्टिसला. आणि हो, दुखापत होईल असं दिसलं तर जोरात "थांब" म्हणा, तेही काय करायचं तेच सांगतं. लहान गटाच्या पोरांसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे, सतत नको नको ऐकून ती रेडलाच जायला घाबरतात.